यंत्रालाच विचारू या



अहमदपूर, चाकूर, जळकोट, उदगीर परिसरातल्या संगणक सांभाळणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलं आहे. अध्यक्षानं व्यवसायाच्या सगळ्याच प्रश्नांचा धावता आढावा घ्यावा, अशी रीत आहे. आज मी ती बाजूला ठेवतो आणि एकाच कामाविषयी बोलतो. आपल्या ताब्यातल्या प्रत्येक संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचं व्हर्जन कोणतं आहे, हे त्या संगणकापाशी न जाता, नेटवर्कवरून आणि ठरलेल्या दिवशी तपासायचं, एवढंच ते काम. त्यात चमक नाही आणि त्याचं वेगळं बिलही कुणी लावत नाही. पण गेल्या आठ-दहा वर्षांत ज्या मोठ्या दुर्घटनांची नीट चौकशी झाली, त्यांचे अहवाल वाचले की पुष्कळांचं बोट याच जागी येऊन थांबतं. दुरुस्ती उपलब्ध होती, सूचनाही गेली होती, पण कोणत्या मशीनवर ती पोचली आणि कोणत्या मशीनवर नाही, हे सांगू शकेल असं कुणी नव्हतं.

12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस पसरला. दीडशेच्या आसपास देश आणि दोन लाखांहून जास्त संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. आपल्या देशात आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणकही बंद पडले. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली जी त्रुटी त्यानं वापरली, तिच्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलेला होता. म्हणजे हातात जवळजवळ दोन महिने होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला मोठा फटका बसला. ती सेवा चालवणाऱ्या 236 ट्रस्टपैकी किमान 80 ट्रस्टच्या कामावर परिणाम झाला आणि हजारो रुग्णांच्या तपासणीच्या तारखा रद्द कराव्या लागल्या. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल ऑक्टोबर 2017 मध्ये आला. त्यातल्या दोन गोष्टी आपण पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात. पहिली अशी, की बाधित संगणकांपैकी बहुतेक जुन्या एक्सपीवर नव्हतेच. ते विंडोज 7 वर होते आणि विंडोज 7 ला त्या वेळी कंपनीचा आधार होता. पॅच मात्र टाकलेला नव्हता. ‘जुनी मशीनं होती म्हणून झालं’ ही समजूत त्या वेळी सगळीकडे पसरली, तिला आधार नव्हता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पॅच टाकण्याच्या सूचना मार्च आणि एप्रिलमध्ये रुग्णालयांना गेल्या होत्या, पण त्या पाळल्या गेल्या की नाहीत हे तपासण्याची कोणतीही औपचारिक व्यवस्था वरच्या खात्याकडे नव्हती.

ही साखळी आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीची आहे. वरून परिपत्रक येतं. आवक रजिस्टरला त्याची नोंद होते. खाली ते ‘पुढील कार्यवाहीसाठी’ जातं आणि महिनाअखेरीस ‘सर्व संगणक अद्ययावत आहेत’ असा अनुपालन अहवाल वर जातो. तो लिहिणारा माणूस खोटारडा नसतो. कार्यालयातल्या बारा मशीनांपैकी आठ त्यानं पाहिलेली असतात. दोन बंद असतात, एक प्रशिक्षणासाठी दुसऱ्या इमारतीत गेलेलं असतं आणि एक साहेबांच्या केबिनमध्ये असतं, तिथे हात लावायची त्याची हिंमत होत नाही. जमिनीच्या बाबतीत आपल्या राज्यानं हा धडा घेतलेला आहे. चावडीत बसून भरलेली पीक पाहणी आणि शेतात उभं असलेलं पीक यांत अंतर पडतं, हे ओळखून 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली आणि बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढणं सक्तीचं झालं. संगणकाच्या बाबतीतही उत्तर टेबलावरून न घेता यंत्राकडूनच घ्यायला हवं. माझं आजचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे.

यंत्राला विचारलं की झालं, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीत विचारलं होतं. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती मार्च 2017 च्या पहिल्या आठवड्यात आली. 9 मार्चला कंपनीत अंतर्गत ईमेल गेला, की अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती करा. 15 मार्चला नेटवर्कवर स्कॅनही चालवला आणि त्यात काहीच सापडलं नाही. मे महिन्यात चोर त्याच त्रुटीतून आत शिरले. ते लक्षात यायला जुलैची 29 तारीख उजाडली आणि तोवर 14 कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली होती. स्कॅनला जिथे पाहायला सांगितलं होतं तिथेच त्यानं पाहिलं, आणि ते स्ट्रट्स दुसरीकडे होतं. आपल्याकडे कोणकोणतं सॉफ्टवेअर कुठे कुठे चालतं याची संपूर्ण यादी कंपनीपाशी नव्हती, असं पुढे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत नोंदवलं गेलं. म्हणून यादी आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम उलटा करून चालत नाही.

हे सगळं दूरच्या देशांतलं आहे, असं कुणी म्हणू नये. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यातले 78 कोटींच्या आसपास 11 ऑगस्टला, दोन-सव्वादोन तासांत, 28 देशांतल्या एटीएममधून निघाले आणि जवळजवळ 14 कोटी 13 ऑगस्टला स्विफ्टमार्गे हाँगकाँगला गेले. एटीएमचा व्यवहार मंजूर करणारा खरा स्विच बाजूला ठेवून चोरांनी स्वतःचा बनावट स्विच मध्ये बसवला होता. मंजुरी देणारं सॉफ्टवेअरच परकं होतं आणि ‘हे आपल्या यादीत नाही’ असं वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून 14 कोटींहून जास्त रक्कम ऑनलाइन वळती झाली. त्यामुळे हा धोका पुण्या-मुंबईपुरता आहे, असं समजायला जागा उरलेली नाही. कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर 2018 मध्ये, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. तिच्या सुरुवातीच्याच अपेक्षांमध्ये संगणकीय मालमत्तेची अद्ययावत नोंदवही आहे आणि मान्यता दिलेल्या सॉफ्टवेअरची, शक्यतो एका ठिकाणी ठेवलेली यादी आहे. महागडं उपकरण घ्यायच्या आधी नोंदवही नीट ठेवा, असं देशातली सर्वोच्च बँक म्हणते आहे, हे आपल्या पतसंस्थांच्या संचालकांना सांगण्यासारखं आहे.

आता हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते जवळून पाहू, कारण गोम तिथेच आहे. विंडोजवर एखादं सॉफ्टवेअर टाकलं की ते सहसा रजिस्ट्रीतल्या ‘अनइन्स्टॉल’ नावाच्या कप्प्यात नाव, व्हर्जन, कंपनी आणि टाकल्याची तारीख लिहून ठेवतं. कंट्रोल पॅनेलमधली यादी तिथूनच येते. पण 64 बिटच्या विंडोजवर 32 बिटच्या सॉफ्टवेअरची नोंद दुसऱ्या कप्प्यात जाते, आणि एखाद्यानं फक्त आपल्या लॉगिनपुरतं टाकलेलं ब्राउझर तिसऱ्याच ठिकाणी नोंदलेलं असतं. पहिलाच कप्पा वाचणाऱ्या स्क्रिप्टला अपुरी यादी मिळते आणि ती पूर्ण असल्यासारखी दिसते. पेन ड्राइव्हवरून थेट चालवलेल्या पोर्टेबल सॉफ्टवेअरची नोंद तर यांपैकी कुठेच नसते. ते शोधायचं तर फाइलींचे गुणधर्म वाचावे लागतात. लिनक्समध्ये अडचण वेगळी आहे. डेबियन किंवा रेड हॅटवाले सुरक्षेची दुरुस्ती पुष्कळदा जुन्याच व्हर्जनमध्ये बसवतात. मूळ आकडा जुना दिसतो, पण आत दुरुस्ती झालेली असते, म्हणून पॅकेजचा शेपटीसकट पूर्ण क्रमांक वाचावा लागतो. शिवाय अपडेट उतरलं तरी मशीन रिस्टार्ट झालं नसेल तर यादीत नवं आणि मेमरीत जुनं, अशी स्थिती राहते. आपल्या कार्यालयांत संध्याकाळी ‘शट डाऊन’ करून जायची सवय आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा त्यानं पुरता बंद होत नाही आणि आठवडेच्या आठवडे ‘रिस्टार्ट बाकी’ अशी खूण तशीच राहते. म्हणून नुसतं व्हर्जन टिपून भागत नाही. मशीन शेवटचं कधी रिस्टार्ट झालं, हाही रकाना त्या यादीत हवा.

इथेच एक सापळा आहे आणि आपल्यातले बरेच जण त्यात अडकले असतील. डब्ल्यूएमआय वापरून दुसऱ्या मशीनवरची यादी मागवायची तर हाताशी पटकन येते ती ‘विन32 प्रॉडक्ट’ची विचारणा. एका ओळीची कमांड आहे आणि उत्तरही सुबक येतं. पण ही विचारणा झाली की विंडोज इन्स्टॉलर प्रत्येक पॅकेजची जुळणी तपासायला लागतो आणि कुठे काही बिघडलेलं दिसलं तर ते दुरुस्त करायलाही लागतो. ऐन कामाच्या वेळी मशीन मंदावतं, इव्हेंट लॉग भरतो आणि कुणीतरी मुद्दाम बदललेली मांडणी पूर्ववत होऊ शकते. आपण फक्त पाहायला गेलेलो असतो आणि नकळत हात लागतो. रजिस्ट्री सरळ वाचली तर असं होत नाही. पाहणं आणि बदलणं यांतलं हे अंतर राखणं, हा मला या कामाचा सर्वांत मोठा नियम वाटतो. ज्या लॉगिन खात्यानं यादी वाचायची, त्या खात्याला काही टाकण्याचा किंवा काढण्याचा अधिकार असता कामा नये.

याच नियमावर सर्वांत वजनदार आक्षेपाचं उत्तर उभं राहतं. आक्षेप असा, की दूरवरून पाहण्यासाठी दार उघडायचं म्हणजे चोरालाही तेच दार दाखवायचं. हा आक्षेप खरा आहे. 27 जून 2017 ला नॉटपेट्या या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कारभाराबरोबर आपल्या न्हावाशेव्यातलं त्या समूहाचं कंटेनर टर्मिनलही ठप्प केलं. पुढे त्या कंपनीला 45,000 संगणक आणि 4,000 सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. नॉटपेट्या एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला तो फक्त त्रुटीतून गेला नाही. त्यानं मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड चोरले आणि पीएसएक्झेक व डब्ल्यूएमआय वापरून पुढच्या मशीनवर उडी मारली. ही आपल्याच पेटीतली हत्यारं आहेत. जुलै 2021 मध्ये कसेया या दूरनियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधून खंडणीचा व्हायरस शेकडो व्यवसायांत शिरला आणि स्वीडनमधल्या एका किराणा साखळीची शेकडो दुकानं बंद राहिली. 19 जुलै 2024 ला तर कुणी चोरही नव्हता. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून ठेवले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. या घटनांमध्ये एक सूत्र आहे. दूरच्या केंद्राला बदलण्याचा अधिकार होता, किंवा सगळ्या मशीनांवर चालणारा एकच अ‍ॅडमिन पासवर्ड कुठेतरी सापडण्यासारखा होता. मी मागतो आहे ते केंद्र याहून पुष्कळ दुबळं आहे. प्रत्येक मशीनवरचा छोटा एजंट आपली यादी आपणहून कार्यालयातल्या सर्व्हरला पाठवतो. मशीनवर बाहेरून यायचं कोणतंही पोर्ट उघडावं लागत नाही आणि सर्व्हरपाशी कुणाचाही पासवर्ड राहत नाही. ओसीएस इन्व्हेंटरी, जीएलपीआय, ओएसक्वेरी ही मुक्त स्रोतातली साधनं हे काम करतात. त्यांतली काही दूरवरून सॉफ्टवेअर टाकूही शकतात, ती सोय मात्र मशीनवरच्या एजंटमध्येच बंद ठेवायची. असा सर्व्हर चोराच्या हाती लागलाच तर त्याला यादी मिळेल, मशीनं मिळणार नाहीत. यादीही जपायलाच हवी, कारण कुठलं मशीन कच्चं आहे हे तिच्यात लिहिलेलं असतं. पण दोन्ही नुकसानांत फार मोठा फरक आहे. आणि आज आपल्याकडे जे सर्रास चालतं त्याच्याशी हे ताडून पाहा. ‘एनीडेस्कचा नंबर सांगा, रिमोट घेतो’ हे वाक्य आपण रोज बोलतो. त्या एका परवानगीत माउस, कीबोर्ड, फाइली, बँकेचं उघडं पान असं सगळंच परक्या हातात जातं. नुसत्या यादीला धोकादायक म्हणणाऱ्यांनी आधी या सवयीकडे पाहावं.

‘आमचं छोटं कार्यालय, आमच्याकडे कोण येतंय’ या म्हणण्यावर मी फार वेळ घालवणार नाही. वॉनाक्रायनं कुणाला निवडलं नव्हतं, तो पत्ते धुंडाळत गेला. शिवाय छोट्यांचा कारभार मोठ्या केंद्राला जोडलेला असतो. 31 जुलै 2024 ला सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीवरच्या हल्ल्यामुळे एनपीसीआयनं तिची यंत्रणा काही काळ तोडली आणि सुमारे 300 छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार अडले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या नीट न बांधलेल्या जेन्किन्स सर्व्हरपासून झाली. ज्या त्रुटीचा त्यात संशय घेतला गेला, तिच्यावरची दुरुस्ती त्या वर्षीच्या जानेवारीतच आली होती.

जास्त वेळ द्यावा असा आक्षेप आपल्या मातीतला आहे. ‘सर, नवं टाकलं की काम बंद पडतं.’ हे म्हणणारा ऑपरेटर खरं बोलतो. डिजिटल सहीचं डोंगल एका ठराविक जुन्या जावावरच चालायचं. कित्येक सरकारी पानं इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडत नव्हती आणि जून 2022 मध्ये ते ब्राउझर निवृत्त झाल्यावर किती केंद्रांवर धांदल उडाली, हे आपण जाणता. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस एका अपडेटनंतर रुसते आणि समोर दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला परत जावं लागतं. जुने ठराव आणि इतिवृत्तं श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये आहेत आणि ती उघडणारं मशीन खोलीत एकच आहे. अशा मशीनवरचं अपडेट बंद करणाऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. आवृत्त्या बदलताना खालच्या टेबलाचा विचार न करणाऱ्यांकडे त्या दोषाचा मोठा वाटा जातो. पण या सगळ्यावरून यादी नको असं ठरत नाही, उलट ती अधिकच लागते असं ठरतं. कोणतं मशीन नाइलाजानं जुनं ठेवलं आहे, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असेल तर ते एकच मशीन नेटवर्कपासून वेगळं काढता येतं, त्यावरचं बँकेचं काम थांबवता येतं आणि ज्या खात्याच्या पानामुळे ही वेळ आली त्याला पुराव्यासह पत्र पाठवता येतं. यादी नसेल तर त्या एका मशीनच्या नावाखाली बाकीची अकराही जुनी राहतात, आणि तेच आज होतं आहे.

आता ज्यावर उघड बोललं जात नाही त्यावर बोलतो. यादीला होणारा खरा विरोध पुष्कळदा क्रॅक केलेल्या विंडोज आणि ऑफिसमुळे असतो. यादी झाली की ते बाहेर येईल, अशी भीती संस्थाचालकालाही असते आणि ते टाकून देणाऱ्या तंत्रज्ञालाही असते. पण क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि नंतर अपडेटही बंद करून ठेवतात. म्हणजे सर्वांत कच्ची मशीनं तीच असतात आणि यादीतून तीच लपवली जातात. माझी सूचना अशी, की पहिली यादी कुणालाही शिक्षा न करता व्हावी. जे सापडेल ते लिहावं, सहा महिन्यांची मुदत द्यावी आणि परवाना घेणं जमत नसेल तर लिबर ऑफिससारखा पर्याय बसवून त्यावर माणसांना शिकवावं. राज्यभर एमएस-सीआयटी शिकलेली माणसं आहेत, त्यांना हे अवघड जाणार नाही. कर्मचाऱ्यांच्या मनातली शंकाही रास्त आहे, की ही नजर उद्या आमच्या कामावर ठेवली जाईल. त्याचं उत्तर तोंडी आश्वासनानं होत नाही. सॉफ्टवेअरचं नाव, व्हर्जन, टाकल्याची तारीख आणि शेवटचा रिस्टार्ट एवढंच यादीत असेल, फाइलींची नावं, पाहिलेली पानं आणि पडदा कधीही नाही, हे लिहून सूचनाफलकावर लावलं पाहिजे आणि एजंटची मांडणी कुणीही मागितली तर दाखवली पाहिजे.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. या चारही तालुक्यांतल्या तहसील, पंचायत समिती, नगरपरिषद, ग्रामीण रुग्णालय, शाळा-महाविद्यालयं आणि पतसंस्था मिळून अशी किती मशीनं आहेत, त्यांतली किती विंडोज 11 घेण्याच्या क्षमतेची आहेत आणि किती बदलावी लागतील, याचा आकडा आज कुणाहीपाशी नाही. तो आकडा असल्याशिवाय अंदाजपत्रकात किती रक्कम मागायची हेही ठरत नाही. म्हणून या परिषदेपुढे मी एक ठराव ठेवतो. आपण ज्या संस्थांची देखभाल करतो, तिथे या वर्षापासून सॉफ्टवेअर आणि व्हर्जनची यादी दर महिन्याला यंत्राकडून घ्यावी. ती वाचणाऱ्या लॉगिन खात्याला बदलण्याचा अधिकार नसावा. जे मशीन तीस दिवसांत बोललं नाही, त्याचं नाव यादीत सर्वांत वर यावं, कारण गप्प बसलेल्या मशीनविषयी आपल्याला काहीच कळलेलं नसतं. नाइलाजानं जुन्या ठेवलेल्या सॉफ्टवेअरसमोर कारण, जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहावी. आणि वार्षिक देखभालीच्या करारात एक कलम घालावं, की ही यादी संस्थेच्या मालकीची आहे आणि कंत्राट बदललं तर ती पूर्ण स्वरूपात, संस्थेला उघडता येईल अशा फाइलमध्ये, शेवटच्या बिलाच्या आधी सुपूर्द करावी. या कलमावर काही मित्रांची नाराजी आहे, ती माझ्या कानावर आली आहे, कारण माहिती आपल्यापाशी राहिली तर गिऱ्हाईक आपल्यापाशी राहतं. ग्राहकाला अंधारात ठेवून टिकवलेला धंदा मला मान्य नाही, म्हणून ते कलम मी ठरावात तसंच ठेवलं आहे. दुपारच्या सत्रात त्यावर मोकळी चर्चा व्हावी, दुरुस्त्या लेखी द्याव्यात आणि ठरावाला सूचक व अनुमोदक सभागृहातून पुढे यावेत, अशी विनंती करतो.